किरगिझस्तानच्या डोंगरात स्वतःच्या जबाबदारीवर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. किरगिझस्तानातलं इसिक-कुल हे समुद्रासारखं पसरलेलं सरोवर १६०७ मीटरवर आहे. म्हणजे आपलं चढणं जिथे संपतं, तिथे त्यांच्याकडे लोक पोहायला उतरतात आणि डोंगर त्यानंतर सुरू होतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेली माणसं तिथे फसतात ती याच हिशोबात. पायांत दम असतो, म्हणून घाई होते.

मी तेच केलं. पहिल्या खेपेला हातात आठच दिवस होते. पहाटे बिश्केकला उतरले, विमानतळावरूनच गाडी केली आणि संध्याकाळी सोनकुल सरोवराच्या काठी पोचले. बिश्केक ८०० मीटरवर, सोनकुल ३०१६ मीटरवर. एका दिवसात बावीसशे मीटर! रात्री नऊला डोकं ठणकायला लागलं आणि अकराला उलट्या सुरू झाल्या. तंबूतली आजी रात्रभर दर तासाला उठून माझी बादली रिकामी करत होती आणि किरगिझमध्ये काहीतरी पुटपुटत होती. बहुधा माझ्या अकलेबद्दल. सकाळी त्याच गाडीने खाली. सोनकुल मी पाहिलं ते मागच्या काचेतून.

दुसऱ्या खेपेला अठरा दिवस घेतले. पुढे जे लिहिलंय ते त्या दोन खेपांमधल्या फरकातून आलेलं आहे. पॅकेज टूर न घेता, एकट्याने किंवा दोघातिघांनी जायचं असेल त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगते. स्वतंत्र प्रवास म्हणजे कुणाची मदत न घेणं, असा काहींचा समज असतो. तिथे घोडेवाला लागतो, ड्रायव्हर लागतो, तंबूवाली लागते. फक्त थांबायचं की पुढे जायचं की परत फिरायचं, हे ठरवणं तुमच्या हातात असावं लागतं. आणि रिकामे दिवस गाठीला नसतील तर ते हातात राहत नाही.

पायरी १: आधी रात्री मोजा

ठिकाणांची यादी नंतर. कागदावर नुसत्या रात्री लिहा आणि प्रत्येक रात्रीपुढे झोपण्याची उंची. माझी दुसऱ्या वेळची यादी अशी होती:

बिश्केक ८०० मीटर, दोन रात्री.
कोचकोर साधारण १८०० मीटर, दोन रात्री.
किलेमचेची कुरणं, अडीच हजाराच्या आसपास, एक रात्र.
सोनकुल ३०१६ मीटर, दोन रात्री.

जगभरचे डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. डायमॉक्स ही गोळी उंचीच्या त्रासावर उपयोगी पडते, पण ती सल्फा गटाच्या जवळची आहे. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, आणि गोळी घरी असतानाच एकदा घेऊन बघा. हातापायांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं, हे तंबूत पहिल्यांदा कळण्यात गंमत नाही.

एवढं झाल्यावर यादीत किमान दोन दिवस कोरे सोडा. त्यांच्यापुढे काहीही लिहायचं नाही. मित्र म्हणतील, 'एवढे पैसे खर्च करून दोन दिवस नुसते बसणार?' बसा. पाऊस, बिघडलेलं पोट, प्रवासी न भरल्याने न सुटलेली गाडी हे सगळं त्या दोन दिवसांत मुरतं.

ऋतू एकच: जून ते सप्टेंबरचा मध्य. मेंढपाळ कुरणांवर असतात तेव्हाच तंबू असतात. त्या उन्हाळी कुरणांना तिथे 'जायलू' म्हणतात. जुलै-ऑगस्ट उत्तम, पण सोनकुलला ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो.

पायरी २: कागदपत्रं आणि विमा

व्हिसा ऑनलाइन मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, सारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट बऱ्याच आहेत. नियम बदलत असतात, म्हणून कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर (माझ्याही) विसंबू नका. चीनच्या सीमेलगतच्या भागांना, उदाहरणार्थ कोल-सू सरोवर, वेगळा सीमाक्षेत्र परवाना लागतो. तो स्थानिक संस्थेमार्फत काढावा लागतो आणि त्याला दिवस जातात. पहिल्या खेपेला ती ठिकाणं सोडाच.

विम्यावर मात्र एक संध्याकाळ खर्च करा. आपल्याकडच्या परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये बारीक अक्षरात 'साहसी खेळ' वगळलेले असतात, आणि घोडेस्वारी व ट्रेकिंग त्यात ढकलता येतात. कंपनीला ईमेलवर तीन प्रश्न विचारा. ४००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग चालतं का? घोड्यावरून पडून हाड मोडलं तर? डोंगरातून हेलिकॉप्टरने काढावं लागलं तर पैसे कोण भरणार? उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे'ला काही अर्थ नाही.

जायच्या महिनाभर आधी रेबीजची प्रतिबंधक लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. कारण पुढे कुत्री आहेत.

पायरी ३: पाठीवर काय

सह्याद्रीची सॅक चालेल, सह्याद्रीचे कपडे चालणार नाहीत. अंगालगतचा थर्मल, लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. हातमोजे, कानटोपी, दोन जोड जाड मोजे. त्यातला एक फक्त झोपताना, तो दिवसा घालायचा नाही म्हणजे नाही. उन्हाचा चष्मा आणि सनस्क्रीन, कारण त्या उंचीवर ढगाळ दिवशीही नाक सोलवटतं. हेडटॉर्च, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या किंवा फिल्टर (वर कुरणात हजारो जनावरं असतात, झरा कितीही नितळ दिसो), ओआरएस, नेहमीची औषधं दुप्पट.

शाकाहारी असाल तर मेतकूट, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, गूळ बरोबर हवाच. डोंगरात 'मांस नको' म्हणालात तर सुपातले तुकडे काढून तेच सूप पुढे येतं. त्यात फसवणूक नसते, त्यांच्या लेखी मांस काढलेलं असतं. रशियनमध्ये 'बेझ म्यासा' म्हणजे मांसाविना, आणि त्याला जोडून 'बेझ बुल्योना', म्हणजे मांसाचं पाणीही नको. हे एवढं घोकून जा. ब्रेड, लोणी, साय, जॅम आणि तळलेले 'बोरसोक' मात्र भरपूर मिळतात. बोरसोक म्हणजे शंकरपाळ्याचा फुगलेला, बिनसाखरेचा चुलतभाऊ.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं भारतातून नेऊ नका, तिकडून विकत घेऊन आणूही नका. परवानगीशिवाय अशी उपकरणं बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना याच कारणासाठी अडवल्याची उदाहरणं आहेत.

पायरी ४: बिश्केकमधले दोन दिवस

घड्याळ अर्धा तास पुढे करा. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवा आणि विमान मोडवर टाकून तो उघडतोय का ते तपासा. भाषांतराच्या ॲपमध्ये रशियन भाषा ऑफलाइन उतरवा.

पैसा रोख. यूपीआय चालत नाही, आणि कार्ड कुरणावर काय कामाचं? चलन 'सोम'. एक सोम म्हणजे ढोबळमानाने एक रुपया, त्यामुळे हिशोब सोपा. डॉलर नेलेत तर नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, घडी पडलेल्या घेताना कुरकुर करतात. बदलताना २०० आणि ५०० च्या नोटा मागून घ्या. ५००० ची नोट घेऊन तंबूवालीसमोर उभं राहिलात तर ती सुट्ट्यांसाठी कुठे जाणार? पैसे तीन ठिकाणी विभागा. ओश बाजारात खिसे सांभाळा, आणि साध्या कपड्यातला कुणी 'पोलीस' म्हणून पाकीट तपासायला मागायला लागला तर पाकीट हातात न देता ठाण्यावर चला म्हणा.

आता लिपी. रशियन आणि किरगिझ दोन्ही सिरिलिकमध्ये लिहितात. दोन तासांत वाचता येते, आणि त्या दोन तासांनी जितकी सुरक्षितता मिळते तितकी कुठल्याच उपकरणाने मिळत नाही. गोंधळ फक्त ओळखीच्या अक्षरांचा. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं ते 'स', 'एच'सारखं ते 'न', 'बी'सारखं ते 'व'. पाटीवर 'पेक्टोपाह' वाचलंत तर ते रेस्तराँ आहे. बाकी कान उघडे ठेवलेत तर दुकान (दुकोन), बाजार, नान, चाय, दोस्त (दोस), कांदा (पियाज) हे सगळं ओळखीचं निघतं. मोठ्या बाईला 'एजे', मोठ्या पुरुषाला 'बायके', आजीच्या वयाच्या बाईला 'आपा' म्हणा. आपण ताई-दादा म्हणतो तसंच आहे, आणि परिणामही तसाच होतो. आभार मानायला 'रहमत'.

याच शहरात रशियनमध्ये एक कार्ड लिहून घ्या: नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, विम्याचा नंबर, घरचा फोन. बिश्केकमध्ये शिकणारी डॉक्टरकीची भारतीय मुलं पुष्कळ आहेत, त्यांत मराठीही. माझं कार्ड अशाच एका लातूरच्या मुलीने पाच मिनिटांत लिहून दिलं आणि बदल्यात लसणाची चटणी मागून घेतली.

पायरी ५: मार्शरुत्का

धोका कशाचा, असं कुणी विचारलं तर मी लांडगे, उंची, चोर यांच्या आधी रस्ता सांगेन. 'मार्शरुत्का' म्हणजे आपल्या ट्रॅव्हलरसारखी व्हॅन. वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. बिश्केकच्या पश्चिम बसस्थानकावर (ड्रायव्हरला 'झापाद्नी' एवढंच सांगा) सकाळी आठच्या आत पोचा. ठिकाणाची नावं ओरडणारे लोक घेरतील. त्यांच्याशी बोलू नका, काचेवरची पाटी वाचा आणि आत बसलेल्या एखाद्या एजेला विचारा, 'कोचकोर?' ती मान डोलावते, मग बसा. भाडंही तिलाच विचारा: 'कांचा?' म्हणजे किती.

शेअर टॅक्सी लवकर भरते आणि भयंकर वेगाने जाते. टायर बघा, पट्टा आहे का बघा. ड्रायव्हर पट्ट्यावर हसेल, हसू दे. वळणावर ओव्हरटेक करायला लागला तर 'बायके, मला उलटी होतेय' असं खुणेने सांगावं. हा उपाय रामबाण आहे, कुठलाही ड्रायव्हर स्वतःच्या सीटकव्हरवर प्रेम करतो. पैसे उतरल्यावर. आणि अंधारात डोंगरातला प्रवास करायचाच नाही. चारनंतर गाडी भरत नसेल तर त्या गावात मुक्काम करा. कोरे दिवस यासाठीच ठेवलेत.

पायरी ६: कोचकोर आणि घरचा निरोप

कोचकोर हे एका मुख्य रस्त्याचं गाव आहे. इथे गावकऱ्यांच्या सहभागातून पर्यटन चालवणाऱ्या संस्थांची कार्यालयं आहेत. घोडा, वाटाड्या, तंबू यांचे दर लिहिलेले असतात आणि पावती मिळते. रस्त्यात भेटलेल्या माणसाने निम्म्या दरात घोडा देऊ केला तरी मी कार्यालयातूनच घेते. कारण तिथल्या वहीत माझं नाव, किती दिवस, कुठल्या वाटेने हे लिहिलं जातं. मी परत आले नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, यासाठी ते जास्तीचे पैसे.

दुसरी वही घरी. निघायच्या सकाळी मी बहिणीला पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते:

'आज मंगळवार. क्यिझार्त गावातून घोड्यावर, मुक्काम किलेमचे. बुधवार-गुरुवार सोनकुल. तिन्ही दिवस फोन लागणार नाही, काळजी नको. शुक्रवारी संध्याकाळी आठपर्यंत (तुझ्या घड्याळात साडेसात) कोचकोरहून फोन करेन. शनिवारी सकाळी दहापर्यंत आला नाही तर आधी गेस्टहाऊसला, मग दूतावासाला फोन कर. नंबर खाली.'

काळजी कधीपासून करायची याची वेळ घरच्यांना द्यावी लागते. नाहीतर आई पहिल्या रात्रीपासून करते, आणि खरोखर काही झालं तर 'रेंज नसेल' म्हणत सगळे दोन दिवस थांबतात.

पायरी ७: क्यिझार्त ते सोनकुल

पहिल्या दिवशी गावातून किलेमचेच्या कुरणापर्यंत, दुसऱ्या दिवशी ३३०० मीटरच्या वरची खिंड ओलांडून सरोवरावर. खिंडीवरून सोनकुल पहिल्यांदा दिसतं तेव्हा खाली एकही झाड नाही, कुंपण नाही, विजेचा खांब नाही. अंतराचा अंदाजच येत नाही. 'ते काय समोर' वाटणाऱ्या पांढऱ्या तंबूंना पोचायला दोन तास लागतात.

घोड्यावर कधी बसला नसाल तरी चालतं, पण तीन गोष्टी. रिकिबीत पाऊल चवड्यापुरतंच घाला. पूर्ण पाऊल आत गेलं आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. खोगिराचा पट्टा दर थांब्याला वाटाड्याकडून आवळून घ्या, तास-दीड तासात तो सैल पडतो. आणि घोडेस्वारीचं हेल्मेट आदल्या दिवशीच मागून ठेवा. उतारावर भीती वाटली तर सरळ उतरून चाला, वाटाड्या काही म्हणत नाही. घोड्याला चालवायला 'चू!' म्हणायचं. माझा घोडा ते ऐकून गवत खायला लागायचा.

बर्फ वितळून येणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात, दुपारी तीनला मांडीला लागतात. पायी असाल तर ओलांडणी सकाळीच उरकायची. पाणी गढूळ असेल, तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर उतरू नका. सकाळपर्यंत वाट बघा. वळवाच्या सरींसारखा दुपारचा विजांचा पाऊस तिथे नेहमीचा, म्हणून खिंड बाराच्या आत पार करायची.

कुत्री. मेंढपाळांची कुत्री लांडग्यांसाठी पाळलेली असतात आणि तुम्ही लांडगा नाही हे त्यांना लगेच कळत नाही. कळपाला मोठा वळसा घाला, पळू नका, तंबूच्या शंभर पावलं आधी थांबून हाक मारा. दगड उचलायला वाकल्यासारखं करणं आपल्या वाड्यावस्त्यांवर चालतं, तसंच तिथेही. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि बाकी प्रवास सोडून लशीसाठी शहर गाठा. छोटा ओरखडा आहे, बघू, असं म्हणायचं नाही.

पायरी ८: तंबूतली रात्र

या गोल, नमद्याच्या तंबूला ते 'बोझ उय' म्हणतात. आपल्याला 'यर्ट' माहीत असतं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, पाव उलटा ठेवायचा नाही. 'किमीझ', म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, वाडग्याने पुढे येईल. आंबट, धुरकट, किंचित नशीलं. एक घोट घ्या, 'रहमत' म्हणा, वाडगा परत द्या. पहिल्याच दिवशी अख्खा वाडगा प्यायलेल्यांची रात्र मी पाहिली आहे.

मध्ये पत्र्याची शेगडी असते, तिच्यात वाळलेलं शेण जळतं. आपल्या गोवऱ्यांचाच वास. छताला गोल झरोका असतो, 'तुंदुक', किरगिझस्तानच्या झेंड्यावर आहे तोच. पाऊस आला की तो वरून झाकतात, आणि तेव्हा धुराकडे लक्ष द्यायचं. शेगडीचं धुराडं नीट बाहेर गेलंय का बघा, झोपताना दाराचा पडदा फटभर उघडा ठेवा. सकाळी तंबूतल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल तर विरळ हवेला दोष देण्याआधी बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाई म्हणून एकटी जात असाल तर: मला कुटुंबाच्या तंबूंमध्ये कधीच भीती वाटली नाही. बसस्थानकावर संध्याकाळी पिऊन फिरणाऱ्या पुरुषांची वाटली. अशा वेळी जवळच्या एजेशेजारी जाऊन बसायचं. बोलावं लागत नाही, तिला कळतं. वोडका पुढे झाली तर छातीवर हात ठेवून 'नाही', आणि पहिल्या पेल्यालाच. दुसऱ्याला नाही म्हणणं कुणी ऐकत नाही.

पायरी ९: बिघडलं तर

डोकेदुखी, मळमळ, भूक नाही: आहे त्या उंचीवर थांबा, पाणी प्या, सकाळपर्यंत बघा. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नाही, बसल्या जागी धाप लागते, बोलणं असंबद्ध होतं: रात्र असो, पाऊस असो, खाली. पाचशे-हजार मीटर उतरणं हेच औषध. गोळी दिली तर उतरता उतरता. घोडा आणि गाडी दोन्हीची सोय कुठे आहे हे उजेडातच विचारून ठेवलेलं असावं.

नंबर: रुग्णवाहिका १०३, पोलीस १०२, आग १०१, बचाव ११२. पलीकडे रशियन किंवा किरगिझ बोलतात. म्हणून फोन स्वतः न करता यजमानांच्या हातात द्या, आणि बिश्केकला लिहून घेतलेलं कार्ड त्यांच्यासमोर धरा.

पायरी १०: उतरणं

सोनकुलहून गाडीने परतायची वाट काल्माक-आशू खिंडीवरून जाते, ३४४६ मीटर. म्हणजे उतरण्याआधी चारशे मीटर चढायचं. रात्रभर डोकं दुखत होतं त्यांनी हे लक्षात ठेवून वाट निवडावी. रेंज आली की आधी घरी फोन, मग फोटो. विमानाआधीची एक पूर्ण रात्र बिश्केकमध्ये काढा. डोंगरातून थेट विमानतळ हा बेत एकदा जमतो म्हणून दरवेळी जमत नाही.

माझी दुसरी खेप ठरल्याप्रमाणे अठरा दिवसांत आटोपली. कोऱ्या दोन दिवसांतला एक पावसात गेला. सोनकुलवर तंबूत बसून आपाबरोबर बोरसोक तळले, त्यात माझं मेतकूट भुरभुरून पाहिलं. तिला आवडलं नाही. दुसरा उरला, तो बिश्केकला पाय पसरून झोपण्यात.